रत्नागिरीत गरवायचं आहे, सगळी माहिती द्या

पुण्याचा_नवखा:
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी रत्नागिरीला येतोय, पहिल्यांदाच गळ टाकणार आहे. रॉड कोणता घेऊ? जागा कुठली चांगली? मासा किती वाजता लागतो? आमिष काय? प्लीज सविस्तर सांगा.

भाट्येकर:
अहो, सविस्तर सांगायचं तर मला रजा टाकावी लागेल. रागावू नका, पण तुमच्या चार प्रश्नांतला जेमतेम दीड इथे विचारण्यासारखा आहे.

वेळेचं घ्या. घरात भिंतीवर दिनदर्शिका असेलच. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटेही आणि दुपारनंतरही. थोडं मागेपुढे होतं, नेमकं हवं तर मोबाइलवर तक्ता बघा. पण रत्नागिरीचा बघा, मुंबईचा नको. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. यात विचारायचं काय आहे?

रॉडच्या बुडाशी किती ग्रॅम वजन फेकता येतं ते छापलेलं असतं. तेवढं वाचलंत की ‘कोणता घेऊ’ राहत नाही, ‘५० ग्रॅमचं शिसं खाडीच्या तोंडाशी टिकेल का’ असा प्रश्न होतो. त्याला मी जेवण सोडून उत्तर देईन, कारण ते कुठेच लिहिलेलं नाही. पावसाळ्यानंतर वाळू कुठे सरकली, कुठल्या कातळात गरी, म्हणजे गळाचा आकडा, अडकते, हे माणसालाच विचारायचं.

जागा मात्र उघड्यावर कोणी सांगणार नाही. मागे एकाने सांगितली. पुढच्या रविवारी तिथे तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गुंतवळ आणि बाटल्या.

आणि दरवर्षीचा तो प्रश्न, ‘मासेमारी बंदीत गरवलं तर चालतं का?’ जूनपासूनची बंदी यांत्रिक नौकांना असते हो. पावसाळ्यात कातळावर उभं राहू नये, ते वेगळ्या कारणाने.

मालवणी_गरी:
काका, जरा जड झालं. बिचारा शोधायला गेला तर निम्मे व्हिडिओ परदेशातल्या तळ्यांचे. ती चकचकीत नकली आमिषं बघून माझ्या भावाने पगार उडवला. नवख्याला खरं-खोटं कळणार कसं?

भाट्येकर:
मान्य. म्हणूनच म्हणतो, जे वाचलं ते इथे लिहा, चुकीचं असलं तरी. चूक दिसली की दुरुस्त करायला दहा जण धावतात. ‘सगळं सांगा’ म्हटलं की तेच दहा जण गप्प. आणि धक्क्यावर एखादा म्हातारा गरवत बसला असेल तर आधी अर्धा तास नुसतं बघा. आमिष काय लावतो, तळाला सोडतो की अधांतरी ठेवतो. मग बोला. आधीच बडबड केलीत तर तो जागा बदलतो.

पुण्याचा_नवखा:
बरं काका. शनिवारी वद्य षष्ठी, म्हणजे भरती साडेचारला. भांगाचं पाणी जवळ, तेव्हा ओढ कमी असावी. मित्राचा आठ फुटी रॉड मिळतोय, त्यावर ४० ते ८० ग्रॅम लिहिलंय. आमिषाला कोळंबी. काजळी नदीच्या तोंडाशी चढत्या पाण्यात टाकू की ओहोटी लागल्यावर?

भाट्येकर:
आता कसं! दोन्ही वेळा टाका. अडीच-तीनला या, पाणी चढतंय तोवर टाका. साडेचारच्या सुमारास पाणी उभं राहतं, तेव्हा चहा पिऊन घ्या. ओहोटी ओढायला लागली की परत. ५० ग्रॅम भांगाला पुरेल, उधाणाला वाहून जाईल. कोळंबी ताजी घ्या, बर्फातली मऊ पडते, गरीवर राहत नाही.

शेंगटी मासा लागला तर हाताने सोडवू नका, पक्कड ठेवा. त्याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात.

मालवणी_गरी:
काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि डॉक्टर गाठा.

भाट्येकर:
बरोबर. आणि कुठे उभं राहायचं ते शुक्रवारी रात्री मेसेज करून विचारा. इथे लिहीत नाही.