मदत हवी आहे: रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबात करंट उतरलाय

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा लोखंडी खांब आहे. रविवारी पावसात शेजाऱ्यांचा कुत्रा तो हुंगायला गेला आणि केकाटत मागे उडाला. आपल्या पायात रबरी चप्पल असते, त्याचे पंजे उघडे आणि ओले. नंतर मी टेस्टर टेकवला, तर लख्ख लागला! खालचं झाकण गायब, जोडावरची टेप सुटून लोंबतेय, अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली. म्हणजे करंटला परतीची नीट वाट नाही, त्यामुळे फ्यूजही उडणार नाही, करंट तसाच खांबात राहणार.

१९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर तक्रार केली. वीजवाले म्हणतात खांब पालिकेचा, पालिकेत म्हणतात लाइन त्यांची. तोवर आम्ही बांबू आडवे बांधलेत, पण शाळेची पोरं तिथूनच जातात. जीव थाऱ्यावर नाही.

२००४ साली न्यूयॉर्कमध्ये कुत्री फिरवणारी एक बाई अशाच करंट उतरलेल्या लोखंडी झाकणावर पाय पडून दगावली, मग तिथे नियमित तपासणी सक्तीची झाली.

सरकारच्या विद्युत निरीक्षकांकडे कुणी अर्ज केलाय का? अपघात होण्याआधी ते पाहणीला येतात का? अर्जात नेमकं काय लिहावं? खांबाचा नंबर आणि फोटो आहेत. कृपया लवकर सांगा, पाऊस थांबत नाहीये.