मदत हवी आहे: आईचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट होत नाहीये (लालबाग)

ऐरोलीकर_७
नमस्कार मंडळी, कोणीतरी लवकर सांगा. आईचा मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचाय, नंबर तोच ठेवून. त्यासाठी लागणारा पोर्टचा कोड मागायला १९०० वर मेसेज टाकला तर पहिल्यांदा गेलाच नाही, नंतर गेला तर कोडच्या ऐवजी रिजेक्ट. कस्टमर केअरला लावलं की एक दाबा दोन दाबा करत बसायचं, शेवटी माणूस येतो तो म्हणतो सर थोड्या वेळाने ट्राय करा. आई लालबागला एकटी असते, चाळ पाडून उंच टॉवर बिल्डिंग झाली तेव्हापासून घरात रेंजच नाही. फोन एका कापडी पिशवीत घालून किचनच्या खिडकीच्या ग्रिलला बांधून ठेवलाय तिने कारण तिथे रेंजची एक कांडी येते, वाजला की पिशवीतून काढेपर्यंत कट होतो. गॅसवाला दारात उभा राहून डिलिव्हरीचा कोड मागतो आणि मेसेज आलेलाच नसतो. गणपती तोंडावर आलेत, त्या दहा दिवसांत लालबागला नेटवर्कचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, त्याआधी हे व्हायलाच पाहिजे. कंपनी कोणती ते ठरलंय, त्यावर चर्चा नको. फक्त पोर्टचा कोड कसा मिळवायचा तेवढं सांगा.

सुमेधा_ठाणे
प्रीपेड की पोस्टपेड? पोस्टपेड असेल तर बिल थकलंय का बघा, एक रुपया बाकी असला तरी कोड देत नाहीत.

दादरचा_बंड्या
मेसेज आईच्याच फोनवरून केलात ना? माझ्या सासऱ्यांच्या वेळेस मेव्हणा स्वतःच्या फोनवरून पाठवत बसला होता. जो नंबर न्यायचाय त्याच नंबरावरून जायला पाहिजे. इंग्रजी कॅपिटलमध्ये पोर्ट, एक स्पेस, मग दहा आकडी नंबर.

ऐरोलीकर_७
प्रीपेड. आईच्याच फोनवरून केला. बिलाचा प्रश्नच नाही.

नेटवर्कवाला
पोर्ट कशाला करताय, घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, विषय संपला. आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये पण लिफ्टच्या आत काय आणि बेडरूममध्ये काय, रेंज शून्य होती. वायफाय कॉलिंग चालू केल्यापासून एक कॉल तुटलेला नाही. सेटिंगमध्ये जायचं, सिम, तिथे ऑप्शन असतो. कंपनी बदलून भिंती पातळ होणार नाहीत, नवीन टॉवरचं काँक्रीट आणि काचा सगळ्याच कंपन्यांचा सिग्नल खातात.

ऐरोलीकर_७
आईकडे साधा बटणांचा फोन आहे. वायफाय पण नाही घरात.

नेटवर्कवाला
मग स्मार्टफोन घेऊन द्या. आजकाल सत्तरीच्या बायका पण वापरतात.

सुमेधा_ठाणे
त्यांनी ते विचारलेलं नाही. ऐरोलीकर, रिजेक्टच्या मेसेजमध्ये नक्की काय लिहिलंय? कारण दिलेलं असतं त्यात. ते इथे टाका, नाहीतर सगळे अंदाजच बांधत बसतील.

कोकणातला_पाहुणा
एसएमएस पॅक नसेल. स्वस्तातल्या रिचार्जमध्ये एसएमएस देतच नाहीत, म्हणून पहिला मेसेज गेला नाही. आधी मोठा रिचार्ज मारा मग पोर्ट करा, मी तसंच केलं होतं.

दादरचा_बंड्या
कृपया असं सांगू नका, लोक उगाच तीन महिन्यांचा रिचार्ज मारतात आणि पोर्ट झाल्यावर तो बुडतो, उरलेला बॅलन्स आणि व्हॅलिडिटी नव्या कंपनीत येत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांना आदेश दिलाय की १९०० वरचा पोर्टचा मेसेज कुठल्याही प्लॅनमधून, कितीचाही रिचार्ज असो, जाऊ दिलाच पाहिजे.

कोकणातला_पाहुणा
आदेश कागदावर. माझा मेसेज रिचार्ज मारल्यावरच गेला, हे मी स्वतः बघितलंय.

दादरचा_बंड्या
कधीची गोष्ट?

कोकणातला_पाहुणा
लॉकडाऊनच्या आधीची.

दादरचा_बंड्या
तेच म्हणतोय.

ऐरोलीकर_७
मेसेज आईला मोठ्याने वाचायला सांगितला फोनवर. त्यात सिम चेंज आणि सात दिवस असं काहीतरी आहे. सिम मागच्या आठवड्यात बदललं होतं, पण ते कंपनीच्याच गॅलरीतल्या, म्हणजे दुकानातल्या, मुलीने सांगितलं म्हणून, की सिम जुनं झालंय, नवीन घातलं की रेंज येईल. रेंज काही आली नाही.

सुमेधा_ठाणे
मिळालं कारण! १ जुलै २०२४ पासून नियम आहे, सिम बदललं की सात दिवस पोर्टचा कोड देतच नाहीत. लोकांच्या नावावर परस्पर डुप्लिकेट सिम काढून, नंबर लगेच दुसरीकडे नेऊन बँक खाती साफ करायचे, ते थांबवायला आणलाय. आणि पहिला मेसेज गेला नाही त्याचं पण कारण हेच. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, येणारे पण आणि जाणारे पण. म्हणजे फोन बिघडलेला नाही, पॅकचा पण संबंध नाही. नवीन सिम चालू झाल्यापासून सात दिवस मोजा आणि मग परत मेसेज करा.
कोड आठ अक्षरी येईल, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळून, आणि तो चारच दिवस चालतो. पूर्वी पंधरा दिवस चालायचा, डिसेंबर २०१९ पासून चार केले. त्यामुळे कोड आला की त्याच दिवशी नव्या कंपनीकडे जा. तिथून पुढे तीन दिवस, पण कामकाजाचे. रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, गणेश चतुर्थीची सुट्टी मध्ये आली तर ती पण जाईल, हिशोब करूनच मेसेज टाका.

मास्तर_गिरगाव
या निमित्ताने सांगतो, आमच्याकडे एमटीएनएलचा डॉल्फिनचा नंबर होता, त्याआधी ट्रंपचा प्रीपेड. नंबर पोर्टेबिलिटी नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि जानेवारी २०११ ला देशभर, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी धडाधड कंपन्या बदलल्या, मी नाही बदलली. लँडलाइन तर अजून आहे. तुमच्या मातोश्रींना लँडलाइन का घेऊन देत नाही? रेंजची कटकटच नाही, आवाज खणखणीत.

नेटवर्कवाला
मास्तर, गॅसचा ओटीपी लँडलाइनवर कसा येणार?

कल्याण_पश्चिम
माझा पण प्रश्न आहे, इथेच विचारतो. नंबर पुण्याचा आहे, आता कल्याणला राहतो. मुंबईतल्या ऑफिसमध्ये सगळे म्हणतात सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) बदलून घे. करावं का?

दादरचा_बंड्या
@कल्याण_पश्चिम, पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे, त्यात मुंबई, नवी मुंबई आणि तुमचं कल्याण येतं. जुलै २०१५ पासून सर्कल बदलून पण नंबर तोच ठेवता येतो, फक्त तीनच्या जागी पाच कामकाजाचे दिवस धरा. पण गरज आहे का तेवढी? रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. रेंज चांगली असेल तर राहू द्या आहे तसं.

साकेत_एम
रेंजचा खरा इलाज म्हणजे बूस्टर. लॅमिंग्टन रोडला मिळतो, खिडकीबाहेर एक अँटेना, आत एक डबी. माझ्या दुकानात लावलाय. पोर्ट वगैरे काही करू नका.

नेटवर्कवाला
अजिबात लावू नका. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे. एकाच्या घरात रेंज येते आणि आजूबाजूच्या पन्नास लोकांचे कॉल तुटायला लागतात. दूरसंचार खात्याची माणसं येऊन जप्त करतात. त्यापेक्षा सोसायटीने कंपनीला पत्र देऊन बिल्डिंगच्या आतच अँटेना बसवून घ्यायला पाहिजेत.

साकेत_एम
आमच्याकडे कोणी आलं नाही अजून.

परळ_भोईवाडा
सोसायटीत अँटेना आणि टॉवर बसवायचा विषय काढू नका, आमच्याकडे त्यावरून दोन एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, वाया गेल्या. वरच्या मजल्यावरचे म्हणतात कॅन्सर होतो. मी त्यांना सांगून दमले की आपल्याकडे रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलीये, २०१२ पासून, आणि तरंग संचार नावाच्या सरकारी साइटवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात. ऐकतच नाहीत. आणि तेच लोक रेंज नाही म्हणून सेक्रेटरीला शिव्या घालतात.

ऐरोलीकर_७
सुमेधाताई, खूप आभार. पण टॉवर आणि बूस्टर बाजूला ठेवा प्लीज. सात दिवसांचं समजलं. पुढचं एक सांगा, आईला गॅलरीत जायला जमणार नाही, गुडघे दुखतात. बाबांचं आधार कार्ड आणि मी गेलो तर चालेल का? सिम बाबांच्या नावावर आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले.

सुमेधा_ठाणे
अहो हे आधी सांगायला हवं होतं. ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच पोर्टची रिक्वेस्ट द्यायची असते, नव्या कंपनीत त्याचंच केवायसी होतं. आता आधी नंबर आईंच्या नावावर करून घ्या, सध्याच्याच कंपनीत. बाबांच्या मृत्यूचा दाखला, आईंचं आधार, आणि बाकीच्या वारसांची, म्हणजे तुमची आणि भावंडं असतील तर त्यांची, ना-हरकत. गॅलरीनुसार कागद थोडे इकडेतिकडे मागतात म्हणून जाण्याआधी विचारून घ्या. नाव बदलायची प्रोसेस चालू असेपर्यंत पोर्टचा कोड मिळत नाही. आणि नाव बदलताना नवीन सिम दिलं तर सात दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.

साकेत_एम
एवढं कशाला. स्टेशनबाहेर छत्री लावून सिम विकणारे बसतात त्यांना कोड द्या, ते तुमच्या आधारवर पोर्ट करून देतात. नाव कोण बघतंय.

दादरचा_बंड्या
हे करू नका. मी कळकळीने सांगतोय. नंबर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचा रस्ता म्हणजे पोर्टिंग नाही. आणि हा नंबर आईंच्या बँकेला, पेन्शनला जोडलेला असणार. उद्या नंबर बंद पडला तर आई कुठल्या कागदावर सांगणार की तो माझा आहे? बाबांच्या नावावर तसाच राहिला तर कंपनीने री-व्हेरिफिकेशन मागितल्यावर तो बंद होऊ शकतो, तेव्हा पोर्ट करा न करा, नाव बदलणं टाळू नका.

परळ_भोईवाडा
सहमत. आमच्या आत्याचा नंबर असाच काकांच्या नावावर होता, शेवटी बँकेतला नंबर बदलण्यासाठी तिला शाखेत नेऊन बसवावं लागलं, फॅमिली पेन्शनचे मेसेज तोवर बंदच.

ऐरोलीकर_७
फॅमिली पेन्शनच आहे आईची. त्याच नंबरवर मेसेज येतात. मग गणपतीच्या आधी काही होत नाही म्हणजे.

नेटवर्कवाला
आता माझं ऐका. फोन कोणता आहे, टू जी का फोर जी? आणि नवीन कंपनी कोणती ठरवलीये ते पण सांगा, चर्चा नको म्हणालात तरी. जिओ असेल तर त्यांचं टू जी नेटवर्कच नाही, फोर जीपासून पुढेच आहे. जुन्या बटणांच्या फोनमध्ये ते सिम घातलं तर मेलेलं राहील. पोर्ट झाल्यावर हे कळलं असतं तर आई पूर्ण तुटल्या असत्या.

ऐरोलीकर_७
तीच ठरवली होती. फोन जुना आहे, टू जीच असणार.

नेटवर्कवाला
मग फोर जीचा बटणांचा फोन घ्या, मिळतात. दोन सिमचा घ्या. नव्या कंपनीचं एक वेगळं सिम आईंच्या नावावर आजच काढा, नवीन नंबर. ते घरी येऊन पण करून देतात. अंगठा मशीनवर उमटत नाही असं म्हणाले, वयस्कर लोकांचं होतं तसं, तर आधारच्या कागदाचा आणि माणसाचा फोटो घेऊन डिजिटल केवायसी होतं, ते करायला सांगा. पण त्याच्याही आधी, त्या कंपनीचं सिम असलेल्या कोणाला तरी आईंच्या घरी बोलवा, हॉलमध्ये नाही तर किचनमध्ये आणि आतल्या खोलीत उभं करून फोन लावायला सांगा. कंपन्यांच्या साइटवर कव्हरेजचे नकाशे असतात पण नकाशा बाराव्या मजल्यावरचं किचन दाखवत नाही. रेंज आली तरच पुढे जा.

सुमेधा_ठाणे
हे पटलं. बोलायला नवीन नंबर, बँक आणि पेन्शनला जुना, आणि कागद झाले की जुना सावकाश पोर्ट करा. गॅसच्या बुकिंगला नवीन नंबर लावून टाका म्हणजे तो कोड तरी वेळेवर येईल.

मास्तर_गिरगाव
ट्रायकडे तक्रार करा. गॅलरीतल्या मुलीने चुकीचं सांगून सिम बदलायला लावलं हे योग्य नाही.

दादरचा_बंड्या
ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही मास्तर. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवायची, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घ्यायचा, समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत. डॉकेट नंबरशिवाय पुढे कोणी दाद देत नाही, तो लिहून ठेवायचाच.

ऐरोलीकर_७
अपडेट. शेजारच्या काकूंची मुलगी तिचा फोन घेऊन आली, आईच्या किचनमध्ये चार कांड्या, आतल्या खोलीत दोन. नवीन सिम आईच्या नावावर काढलं, दोन सिमचा फोर जी बटणांचा फोन परळहून घेतला. आईला आकडे मोठे दिसतात म्हणून आवडला. जुन्या नंबरसाठी गॅलरीत दाखला आणि आधार दिलं, ते म्हणतात बहिणीची ना-हरकत स्टॅम्प पेपरवर पाहिजे. बहीण सुरतला असते. साध्या कागदावर सही करून स्कॅन पाठवली तर घेतात का कुठे?

परळ_भोईवाडा
आमच्याकडे साध्या कागदावरची घेतली होती, पण सोबत तिच्या आधारची सही केलेली कॉपी मागितली होती. गॅलरीच्या मॅनेजरला विचारा, काउंटरवर नको.

कोकणातला_पाहुणा
बहीण गणपतीला येणारच असेल ना माहेरी? तेव्हाच सही करून घ्या, कुरिअरचा पण खर्च वाचेल.

ऐरोलीकर_७
येतेय ती, गौरी विसर्जनापर्यंत आहे. मधल्या कामाच्या दिवशी दोघं जाऊन येतो.

सुमेधा_ठाणे
मूळ दाखला जवळ ठेवा, नुसती झेरॉक्स नेऊ नका.