अमेरिकेत जन्म, वाढ नागपुरात: मत कुठं द्यायचं?

धरमपेठकर:
भाचीचा जन्म २००७ चा, एडिसन, न्यू जर्सी. आईवडील तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते. ती दोन वर्षांची असताना सगळे नागपूरला परतले. अमेरिकन पासपोर्टची मुदत संपली आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. आता १८ पूर्ण. नागरिकत्व टिकून आहे का? ३ नोव्हेंबर २०२६ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत तिला इथून मत देता येईल का? शेजारी म्हणतात, तोवर इथल्या मतदार यादीत नाव टाकून घ्या.

दप्तरी:
इथल्या यादीत नाव अजिबात टाकू नका. नमुना ६ वर, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जावर, आपण भारताचे नागरिक असल्याची प्रतिज्ञा असते. ओसीआयवाल्यांना मतदार नोंदणीचा हक्क नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब नंच नाकारलाय. खोट्या प्रतिज्ञेला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधार कार्ड आहे म्हणून कोणी नागरिक ठरत नाही.

बर्डीवाला:
पण एच-वन-बीवाल्यांच्या मुलांचं नागरिकत्व काढलं ना?

कलम_चौदा:
नाही जी. तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या मुलांना जन्मानं नागरिकत्व नाकारणारा ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश त्याच्याच मजकुरानुसार ३० दिवसांनंतर जन्मणाऱ्यांपुरता आहे, २००७ च्या जन्माला तो लागत नाही. मूळ आधार अमेरिकी राज्यघटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती: तिथे जन्मलेला तो नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तर त्याला उतरू दिलं नाही; कित्येक महिने बंदरातल्या जहाजांवरच ठेवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध २ मतांनी तो जन्मानं नागरिक असल्याचं ठरवलं. त्याचे आईवडील मात्र तिथे कायमचे राहणारे होते. तात्पुरत्या व्हिसाचा वाद नेमका तिथूनच उकरून काढलाय.

पासपोर्टची मुदत संपली तरी नागरिकत्व जात नाही. फक्त तिथल्या मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. पंधरावी (१८७०), एकोणिसावी (१९२०), सव्विसावी (१९७१) या दुरुस्त्या मत कशावरून (अनुक्रमे वंश, लिंग, १८ वरचं वय) नाकारता येणार नाही एवढंच सांगतात; नोंदणी राज्यांच्या हाती आहे.

दप्तरी:
परदेशातल्या मतदारांसाठी फेडरल पोस्टकार्ड अर्ज असतो. नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी एकाच कागदावर होते. दरवर्षी नव्यानं, शक्यतो जानेवारीतच भरा. सोशल सिक्युरिटी या अमेरिकी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतील. सगळ्यात जास्त चूक होते ती पत्त्यात. ‘मतदानाचा पत्ता’ या रकान्यात एडिसनचं शेवटचं घर लिहायचं, जन्म झाला तो दवाखाना नाही, नागपुरातली धरमपेठ तर नाहीच. नागपूरचा पत्ता ‘सध्या कुठे आहात’ मध्ये. सही राहिली तर अर्ज अडकतो.

अर्ज वेळेत पोहोचला असेल तर मतपत्रिका ४५ दिवस आधी, म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत निघायला हवी. ती ई-मेलनं मागवा, टपालाचा एका बाजूचा वेळ वाचतो. तरीही आली नाही, तर राखीव फेडरल मतपत्रिका मिळते. तीवर उमेदवाराचं नाव स्वतः लिहून पाठवायचं. परत जायचं नक्की नसेल तर बहुधा फक्त संसद आणि राष्ट्राध्यक्षपदासाठीच मत मिळेल.

धरमपेठकर:
त्या घरात आता दुसरेच भाडेकरू आहेत. चालेल?

दप्तरी:
चालेल. तिथे आज कोण राहतं, याचा संबंध नाही. फ्लॅट नंबरसकट पूर्ण पत्ता मात्र द्या, मतदारसंघ त्यावरूनच ठरतो.