मोझांबिकची लढाई ध्यानाने थांबली? आधी तारखा तरी बघा

सह्यकडा
गेले काही दिवस फिरणारा एक मजकूर काल इथेही कुणीतरी डकवला, आणि खाली नमस्कारांची रांग लागली. मजकूर असा: मोझांबिकमध्ये १६ वर्षं यादवी चालली, दहा लाखांच्या घरात माणसं गेली. मग राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान शिकले, मंत्र्यांना, सैनिकांना, पोलिसांना शिकवलं आणि युद्ध थांबलं. दुष्काळही हटला. शेवटी "आफ्रिकेने करून दाखवलं, आपण कधी?"

ध्यानाशी माझं भांडण नाही. दुसऱ्यांच्या कष्टाचं श्रेय असं परस्पर उचललं जातं, त्याचा संताप येतो. रोममध्ये बोलणी सुरू झाली जुलै १९९० मध्ये. शिसानो ध्यान शिकले १९९२ मध्ये. करारावर सह्या ४ ऑक्टोबर १९९२ ला झाल्या. सैन्यात आणि पोलिसात भरती होणाऱ्यांना रोज दोनदा २० मिनिटं ध्यान सक्तीचं झालं ते १९९४ मध्ये. ताप उतरल्यावर दिलेल्या गोळीला गुण कसला देता?

ही बोलणी घडवली सांत एजिदियो या कॅथलिक गटाने. १९६८ मध्ये रोमच्या शाळकरी पोरांनी सुरू केलेला, गरीब वस्त्यांत काम करणारा गट. आंद्रेआ रिकार्डी, मात्तेओ झुप्पी आणि मोझांबिकमधल्या बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विश यांनी फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांना एका टेबलाशी आणलं आणि २७ महिने उठू दिलं नाही. तोवर दक्षिण आफ्रिकेतली गोरी राजवट मोडकळीला आली होती, म्हणजे रेनामोचा आधार सुटत होता. त्यात दुष्काळ, दोन्हीकडच्या सैनिकांना खायला नाही. आणि पावसाचं म्हणाल तर तो दुष्काळ आफ्रिका खंडाच्या सगळ्या दक्षिण पट्ट्यात होता. पुढच्या हंगामात झिंबाब्वे आणि मलावीतही पाऊस झाला. तिथे कोण ध्यानाला बसलं होतं?

निरंजनी
तारखा पाठ आहेत तुमच्या, पण तारखांनी शांतता टिकत नाही. शेजारच्या अंगोलाचं बघा. तीही पोर्तुगीजांचीच वसाहत, तिथेही यादवी, तिथेही १९९१ मध्ये करार. सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली, बंडखोरांचे पुढारी साविंबींनी निकाल नाकारला आणि पुन्हा लढाई जुंपली, ती २००२ पर्यंत. मोझांबिकमध्ये तसं का झालं नाही? कागद दोन्हीकडे होते. माणसांच्या आत काहीतरी बदलल्याशिवाय हे होत नाही.

माझा भाऊ निमलष्करी दलात होता. परत आला तेव्हा रात्री दाराला कुलूप असूनही उठून उठून बघायचा, भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचा. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली होती. इगतपुरीच्या शिबिरानंतर हळूहळू तो माणसात आला. तिहारमध्ये किरण बेदींच्या काळात, १९९४ मध्ये, हजारावर कैदी एकत्र विपश्यनेला बसले. हे सगळं थोतांड का? तुमच्यासारख्यांना डोळे मिटून बसलेला माणूस दिसला की हसू येतं.

सह्यकडा
कोण हसलं? तुमच्या भावाबद्दल ऐकून बरं वाटलं, मनापासून. पण एक भाऊ सावरला म्हणून एक देश सावरला असं होत नाही. अंगोलाच्या प्रश्नाला उत्तर आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांची माणसं काहीशे होती आणि फौजा मोडण्याआधीच निवडणूक उरकली. तो धडा घेऊन मोझांबिकमध्ये सहा हजारांवर सैनिक पाठवले आणि निवडणूक ऑक्टोबर १९९४ पर्यंत लांबवली. नव्वद हजारांच्या आसपास सैनिकांना घरी पाठवलं आणि दोन वर्षं पैसे पोचवले. हातात दोन वर्षांची मिळकत असलेला माणूस पुन्हा जंगलात कशाला जाईल?

कोयनाकाठ
त्या सहा हजारांत आपलेही होते. भारतीय सैन्याच्या इंजिनिअर तुकड्या होत्या, माझे काका त्यातल्या एका तुकडीत. ते सांगायचे, सुरुंग काढून रस्ता मोकळा केला तरी गावकरी आठ-आठ दिवस त्यावर पाऊल टाकत नसत. आधी गाय सोडत, मग स्वतः चालत. सुरुंगमुक्त देश म्हणून घोषणा व्हायला २०१५ उजाडलं, म्हणजे करारानंतर २३ वर्षं. टांझानियात शिकवलेले उंदीरसुद्धा सुरुंग हुंगायला आणले होते. फुकट मिळालेली शांतता नव्हे ती. निरंजनीताई, राग मानू नका, पण तो मजकूर वाचून काकांना काय वाटलं असतं?

नाकालाकर
मी मोझांबिकच्या नाकाला बंदरात धान्याच्या धंद्यात नोकरी केली आहे. तुमचं दोघांचंही वाचून वाटतं की मोझांबिकच्या माणसांनी स्वतः काही केलंच नाही, सगळं रोमने नाहीतर महर्षींनी केलं.

आमच्या गोदामाचा रखवालदार दक्षिणेकडचा होता. लहानपणी रेनामोवाल्यांनी त्याला पळवलं होतं. सुटून गावी आला तेव्हा घरच्यांनी त्याला लगेच आत घेतलं नाही. वैदूने वाळक्या गवताची खोपटी बांधली, पोराला तळावरच्या कपड्यांनिशी आत पाठवलं, कपडे तिथेच उतरवायला लावले, खोपटी पेटवली आणि एका वडीलधाऱ्याने त्याला हात धरून बाहेर ओढलं. मग पाल्याच्या पाण्याने अंघोळ, आणि मागे वळून बघायचं नाही. त्यानंतर गावात कुणी त्याला "तू कुणाला मारलंस" असं विचारलं नाही. असे विधी त्या काळात ठिकठिकाणी झाले.

आणि चर्चवाल्यांचं बघा. बिशप दिनिश सेंगुलान यांनी १९९५ मध्ये बंदुका द्या, अवजारं न्या अशी मोहीम काढली. पुरलेली रायफल आणून द्यायची आणि शिलाई मशीन, सायकल, नाहीतर कुदळ घेऊन जायची. त्या बंदुका कापून कलाकारांनी खुर्च्या केल्या, त्यातली एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मांजराकाठ
नाकालाकर, धान्याचा धंदा म्हणजे तूरच ना? मग बोलूच. जुलै २०१६ मध्ये मापुतोला भारताचा मोझांबिकशी करार झाला, पाच वर्षांत तिथून येणारी तूर दोन लाख टनांपर्यंत नेण्याचा. त्याच हंगामात आमच्याकडे तूर रग्गड पिकली. हमीभाव क्विंटलला ५,०५० आणि लातूरच्या आडतीत चार हजारांनाही कुणी विचारेना. खरेदी केंद्रावर बारदाना संपला. वडील ट्रॉलीवर झोपून राहिले रात्र-रात्र. तुम्ही इथे आफ्रिकेच्या शांततेवर बोलताय, आमच्या घरात तेव्हा दोन भाऊ वेगळे झाले.

नाकालाकर
दादा, त्या तुरीचं पुढे काय झालं तेही ऐका. तिथे तूर फारशी कुणी खात नाही, पिकवतात ती मुख्यतः आपल्यासाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली आणि झांबेझिया, नाम्पुलाकडचे भाव कोसळले. एकरभर रान आणि हातात कुदळ एवढ्यावर शेती करणारी ती माणसं. तुमच्या वडिलांचा आणि त्यांचा शत्रू एकच आहे.

मांजराकाठ
शत्रू एक असेल, पण माझ्या वडिलांनी त्यांच्या बंदरातून माल भरला नाही. तुम्ही भरलात.

सह्यकडा
धागा तुरीवर गेलाच आहे तर काजूचंही सांगतो. १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेने मोझांबिकला कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवायला लावला. कच्ची बी जहाजांनी भारतात येऊ लागली आणि तिथले बहुतेक कारखाने बसले. हजारो बायकांचं काम गेलं. कर उतरवला तेव्हा रोमचा करार होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. शांतता टिकवायची तर आधी अशा गोष्टी थांबवायला हव्या होत्या.

निरंजनी
हे भलतंच. मी एका ओळीत विचारलं होतं, मन सावरल्याशिवाय शांतता टिकते का? त्यावर तूर, काजू, बारदाना! नाकालाकरांनी सांगितलेली ती खोपटी म्हणजे काय होतं? तेही मनच सावरणं होतं. गावाने एकत्र बसून केलं एवढाच फरक. म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. आणि पुरावाच हवा असेल तर कंपालामधल्या काँगोच्या निर्वासितांवरचा २०१३ चा अभ्यास आहे. ध्यानाने त्यांच्या मनावरच्या आघाताची लक्षणं चांगलीच कमी झाली.

सह्यकडा
वाचलाय. ध्यान करणारे जेमतेम वीस-एकवीस, आणि संशोधकांपैकी काही त्याच पंथाच्या विद्यापीठातले. त्यावर देशाचं धोरण उभं राहत नाही.

आक्का
मग मोठा अभ्यास घ्या. हरारेत डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. २००६ मध्ये त्यांनी एंबारे वस्तीतल्या १४ आज्यांना तयार केलं. आज्यांनी दवाखान्याबाहेर बाकावर बसायचं, समोरच्याचं ऐकायचं, त्याच्या अडचणींतली एक निवडायची आणि तीच सोडवायची. ५७३ जणांवरच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. सहा महिन्यांनी बाकवाल्यांत नैराश्याची लक्षणं १४ टक्क्यांत उरली, बाकीच्यांत ५० टक्क्यांत. डोळे मिटायला कुणी सांगितलं नाही. मी वीस वर्षं अंगणवाडीत काढली आहेत, ऐकून घेणारं माणूस मिळालं की बाईचा चेहरा कसा बदलतो ते मला कुणी शिकवायला नको.

निरंजनी
आक्का, हे पटलं. सह्यकडांच्या तारखाही नाइलाजाने मान्य करते, तो मजकूर मी पुढे पाठवणार नाही. पण ध्यानाने काहीच होत नाही असं म्हणाल तर मी इथून हलणार नाही.

सह्यकडा
तसं मी कधी म्हटलं ते दाखवा. १९९४ च्या त्या भरतीतल्या पोरांना रात्री झोप लागली असेल तर चांगलंच झालं. पण १६ वर्षांची लढाई ध्यानाने संपवली असं म्हणू नका, कारण ध्यानाने तेवढं होत असतं तर २०१३ मध्ये रेनामोवाले पुन्हा जंगलात गेले नसते. तो तंटा मिटायला ऑगस्ट २०१९ चा नवा करार लागला.

नाकालाकर
आणि मोझांबिकच्या उत्तरेचा काबो देल्गादो प्रांत? २०१७ पासून तिथे जाळपोळ, मुंडकी उडवणं चालू आहे. लाखो लोक पेंबा शहराकडे पळाले. रवांडाचं सैन्य २०२१ मध्ये आलं तरी संपलेलं नाही. तिथे बोलायला समोर नीट कुणी पुढारीच नाही, रोमवाल्यांनी टेबल मांडलं तरी बसणार कोण? ज्यांना काही सुचवायचंय त्यांनी तिथलं सुचवा.

मांजराकाठ
तिथल्या पोरांच्या हाताला काम आहे का, तेवढं आधी सांगा. गॅसचे साठे सापडलेत म्हणतात, नोकऱ्या कुणाला लागल्या?

नाकालाकर
बहुतेक बाहेरच्यांना. मासेमारी करणाऱ्यांना किनाऱ्यावरून उठवून आत वसवलं. दादा, या एका बाबतीत तुमचं-माझं जमेल.