मदत हवी आहे: बाहुलीच्या घोड्याला पंख लावले की खोगीर फिरतं

लेकीच्या बाहुलीचा एक घोडा आहे. बाहुली नेहमीची साडेअकरा इंची, म्हणजे १:६ मापाची, आणि घोडा तिला पाठीवर घेईल एवढा. त्याला परीकथेतला घोडा करायचाय: कपाळावर शिंग, खांद्यामागे पंख, अंगावर झूल. लेकीची अट एकच, सगळं काढता-घालता आलं पाहिजे, कारण आज उडणारा घोडा उद्या राणीच्या फौजेत असतो. मला ही अट मनापासून पटते. त्यामुळे घोड्याला गोंद लावायचा नाही आणि भोक तर मुळीच पाडायचं नाही.

शिंग छान झालंय. पॉलिमर क्लेच्या दोन निमुळत्या वळ्या एकमेकींना पीळ देऊन ओव्हनमध्ये भाजल्या आणि बुडाशी आधीच ठेवलेल्या भोकातून बारीक इलास्टिक ओवून लगामाच्या कपाळपट्टीला शिवलं. (कुणी करणार असाल तर कच्ची क्ले थेट घोड्यावर दाबून माप घेऊ नका, ती काही प्लॅस्टिकना खाते. मध्ये बेकिंग पेपर धरा.) झूल फेल्टची केली. फेल्टच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे दुमडून शिवावं लागत नाही आणि एवढ्या लहान मापात जाड शिवण दिसत नाही. खाली भरतकामाच्या दोऱ्याचे गोंडे.

अडलंय ते पंखांपाशी. दोन मिलिमीटरच्या फोमशीटचे एकावर एक पिसांचे थर, आत तार, आणि बुडखा खोगिराच्या दोन्ही बाजूंना शिवलेला. मिटलेले असताना देखणे दिसतात. पण एक जरी पंख उघडला की खोगीर त्या बाजूला कलतं आणि घोडा चार पावलं चालवला की पोटाखाली जातं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून फरक पडत नाही, अंग गुळगुळीत आहे. लोहचुंबक मला नकोत. घरात रांगतं बाळ आहे, आणि दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून फार गंभीर इजा होते. चिकटपट्टीचं वेल्क्रो लावलं तर त्याचा गोंद घोड्यावर राहतो. खोगिराखाली मऊ रबरी जाळी घालावी का? की पंखांची रचनाच बदलू?

प्रतिसाद

रचना बदला. दोन पंखांच्या दोन वेगळ्या तारा असतील तर प्रत्येक पंख खोगिराला आपल्या बाजूला ओढणारच. एकच सलग तार घ्या: एका पंखातून निघून घोड्याच्या खांद्यावरून कमानीसारखी वळून दुसऱ्या पंखात जाणारी. ती कमान घोड्याच्या अंगावरच दाबून आकाराला आणा आणि खोगिराखालच्या फेल्टच्या दोन थरांमध्ये शिवून टाका. मग दोन्ही पंखांचं वजन एकमेकांना तोलतं आणि तंगावर भार येत नाही. तारेची टोकं गोल वळवून फोमच्या आत घ्या, नाहीतर डोळ्याला लागतील.

खऱ्या घोड्याला खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून दुमची नावाचा पट्टा असतो आणि मागे सरकू नये म्हणून छातीवरून पट्टा. तुमच्या घोड्याला दोन्ही द्या. झुलीखाली दुमची झाकली जाते आणि छातीच्या पट्ट्यावर मणी शिवले की तोच दागिना होतो, फक्त बाळाच्या हाती लागेल तिथे मण्यांऐवजी भरतकाम करा. मऊ रबरी जाळी व्हिनाइलची असेल तर कायमची ठेवू नका. त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू घोड्याच्या अंगात उतरून तिथे चिकटपणा येऊ शकतो. त्यापेक्षा खोगिराच्या आतल्या बाजूला स्वेड चामड्याचा तुकडा, खरखरीत बाजू घोड्याकडे.

मूळ प्रश्न विचारणारी

सलग तारेचं सुचलंच नव्हतं! मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं: पंख उघडे-मिटे करता यायला हवेत, तर सारखी वाकवून तुटणार नाही अशी तार कोणती आणि किती जाड घ्यावी? ॲल्युमिनियमची मऊ असते, पण बुडख्यापाशी तीच तुटेल अशी धास्ती वाटते.