डिस्टोपियाला मराठीत काय म्हणायचं?

मी न्यू जर्सीत हायस्कूलला इंग्लिश शिकवते, दहावीच्या वर्गाला दरवर्षी ऑरवेलचं '१९८४' असतं. आई फोनवर विचारते सध्या काय चाललंय वर्गात, आणि 'डिस्टोपियन कादंबरी' म्हटलं की पुढे 'म्हणजे काय गं' येतंच. युटोपियाला निदान रामराज्य म्हणून भागतं, पण त्याच्या उलट, माणसांना जखडून ठेवणाऱ्या या समाजाला काय? आईला कळेल असा शब्द हवाय.

> अंधेरनगरी आहे की. नाहीतर मोगलाई, बेबंदशाही, झोटिंगपातशाही. शब्दांना काय तोटा!

> दादा, हे सगळे शब्द मला आवडतात पण अडचण तिथंच आहे, मोगलाई म्हणजे कुणाचा कुणाला धरबंध नाही, आणि डिस्टोपियात तर सगळं फारच शिस्तीत असतं. पुस्तक उघडायच्या आधी मी पोरांना एक परफेक्ट शाळा बनवायला सांगते. सुरुवात गोड असते, कुणी कुणाला चिडवायचं नाही वगैरे. मग मी एवढंच विचारते की चिडवलं हे कळणार कसं? की लगेच कॅमेरे येतात, मग नाव सांगणाऱ्याला जादा मार्क, मग कुणीतरी म्हणतं फोनमधले मेसेज पण बघायला पाहिजेत, अर्ध्या तासात पोरांनी स्वतःच्या हातानं तुरुंग बांधलेला असतो आणि एखादी मुलगी हळूच म्हणते, मिस, मला नाही यायचं या शाळेत. हे ज्यात मावेल असा शब्द हवाय. अंधेरनगरीत नाही मावत.

> मुळाकडे जाऊ. युटोपिया हा थॉमस मोरनं १५१६ मध्ये ग्रीकवरून पाडलेला शब्द, कुठंच नसलेली जागा. डिस्टोपियातलं 'डिस' आणि आपलं 'दुस्' एकाच मुळाचे, दुर्दैव दुर्गंध दुर्दशा सगळे त्यातलेच. 'दुर्नगरी' करा.

> मग दुर्ग पण त्यातलाच! जिथं जायला कठीण तो दुर्ग. इथं बाहेर पडायला कठीण, एवढाच फरक.

> दुर्नगरी चांगला आहे. पण ताई, आईंना आणीबाणी आठवत असेल तर तिथून सुरू करा. 'अनुशासन पर्व' हे विनोबांचे शब्द, केवढे भारदस्त, आणि १९७५ ला सरकारनं ते घोषणेसारखे वापरले. '१९८४' मधल्या सरकारनं बनवलेल्या नव्या भाषेत 'फ्री' शब्द राहतो तो फक्त 'कुत्रा उवांपासून फ्री आहे' एवढं सांगायला, तसंच की हे, शब्द जागेवर आणि आतला अर्थ गायब.

> फ्रीचं हे उदाहरण मी वर्गात देते पण मराठीत कधी विचारच केला नव्हता, म्हणजे उद्या 'मोकळा' फक्त केस आणि अंगणापुरता उरला तर? खरंच पोटात गोळा आला. तर, काल आईला फोन केला. दुर्नगरी तिला जड वाटला, पण आणीबाणी म्हटल्यावर लगेच म्हणाली पेपरात अग्रलेखाची जागा कोरी आली होती, तुझे आजोबा तो कोरा चौकोन बघत बसले होते. मग मी पोरांच्या शाळेचं सांगितलं, कॅमेरे, मार्क, सगळं. तर म्हणते, अगं मग सरळ 'कोंडवाडा' म्हण की, तिथं पण कुलूप असतं, नोंद असते, दंड असतो, आणि सगळं गावाच्या भल्यासाठीच असतं.