रविवारी काय करून ठेवता? (अनुभव धागा)

ठाणे

बुधवारी रात्री पावणेनऊला कुलूप उघडलं, पर्स सोफ्यावर टाकली आणि तशीच ओट्यापाशी गेले. फ्रिजमध्ये अर्धा दुधीभोपळा, कालचा भात आणि तीन लिंबं. लेक म्हणाला, "आई, परत नूडल्स?" त्या 'परत'मुळे हा धागा काढतेय.

दोन महिने मी रविवारी चार भाज्या करून फ्रीझरला टाकायचा प्रयोग केला. रविवार तर गेलाच, वर गुरुवारी काढलेली फ्लॉवर-बटाटा कुणी तोंडात धरेना. बटाटा पाणचट आणि भुसभुशीत झालेला. ज्यांच्या घरी हे जमलंय त्यांनी लिहा. काय करून ठेवता, किती दिवस पुरतं, आणि मुख्य म्हणजे कुठे फसलात. नुसत्या पाककृती नकोत, घरचं सांगा.

कोल्हापूर

ताई, भाजी करून ठेवायचीच नाही. भाजीच्या आधीचं सगळं करून ठेवायचं.

मी पंधरा दिवसांतून एकदा वाटण करते. किलोभर कांदे उभे चिरून तेलावर चांगले काळपट तांबूस करायचे. इथे घाई केली की आमटी गोडसर लागते. मग दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं, थोडे तीळ, दोन मुठी लसूण, बोटभर आलं आणि कोथिंबिरीच्या काड्या (काड्याच, पानं वरून घालायला ठेवा). सगळं पूर्ण गार झाल्यावर अगदी कमी पाण्यात वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. गोठलं की वड्या काढून पिशवीत. दोन वड्या म्हणजे चार माणसांची आमटी. आमची कांदा-लसणाची चटणी डब्यात असतेच, मग अंड्याचा रस्सा असो की मटकीची उसळ, पंधरा-वीस मिनिटांत ताट वाढते.

फसले ते असं: त्याच ट्रेमध्ये नंतर पाण्याचा बर्फ केला. नणंदेचे मिस्टर उन्हातून आले म्हणून कोकम सरबतात घातला. एक घोट घेऊन शांतपणे म्हणाले, "वहिनी, सरबताला फोडणी दिलीय का?" तेव्हापासून वाटणाचा ट्रे वेगळा, त्याला लाल दोरा बांधलेला.

डोंबिवली

सकाळची 6.52 ची लोकल. कणीक रात्रीच मळते. काळी पडते म्हणून बऱ्याच जणी टाळतात, पण वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर सकाळपर्यंत काही होत नाही. दुसरा दिवस मात्र नको.

आणि एक कबुली. आमच्याकडे संध्याकाळच्या पोळ्यांना मावशी येतात. 'मी सगळं कसं सांभाळते' असं सांगणाऱ्यांनी हेही सांगत जावं, नाहीतर वाचणारीला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे.

पुणे

वरच्या ताईंना अनुमोदन.

माझी अडचण वेगळी होती. सासूबाई फ्रिजमधलं शिजवलेलं खात नाहीत, त्यांच्या लेखी ते शिळं. वर्षभर माझी चिडचिड झाली. मग लक्षात आलं की भाजून ठेवलेलं दाण्याचं कूट त्यांना चालतं, चिंचेचा कोळ चालतो, खवलेला नारळ चालतो, थालीपिठाची भाजणी तर त्यांचीच. फोडणी समोर बसली की जेवण ताजं! आता तेवढंच धरून चालते.

भाजणी आम्ही दोघी मिळून करतो. ज्वारी आणि बाजरी अर्धा-अर्धा किलो, तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद पाव-पाव किलो, धने 100 ग्रॅम, मूठभर जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. हे काम सासूबाई मला देत नाहीत, मी उडीद करपवते असं त्यांचं मत आहे, आणि ते खरं आहे. गिरणीत देताना "ज्वारीवर दळा" एवढं सांगायला विसरू नका. दोन महिने सहज पुरते. कांदा चिरून भिजवायचं आणि तव्यावर थापायचं, की अर्ध्या तासात सगळ्यांची पोटं भरलेली.

सातारा

मी पुरुष आहे, चालेल ना?

आई 2021 ला गेली. घरात बाबा आणि मी. पहिले सहा महिने बाहेरून डबा होता, पण त्या डाळीत सोडा असायचा आणि बाबांना रात्रभर त्रास व्हायचा. एका दुपारी मावशी आली, कुकर समोर ठेवला आणि म्हणाली, "वीस पदार्थ शिकू नकोस, हा एक शिक." तळाच्या डब्यात हळद-हिंग घालून तुरीची डाळ, मधल्यात तांदूळ, सगळ्यात वर बटाटे. एवढ्यावर आठवडा निघतो. सोमवारी साधं वरण, मंगळवारी त्याच डाळीची चिंच-गुळाची आमटी, बटाट्याची कधी पिवळी भाजी तर कधी दह्यातली कोशिंबीर. डाळ मी दोन दिवसांची एकदम शिजवतो, फोडणी रोज देतो.

फसलो तेव्हा कुकरच्या तळाला पाणीच घातलं नव्हतं. शिट्टी का होत नाही म्हणून दहा मिनिटं वाट बघत बसलो होतो.

मावशी मेतकूट पाठवते. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी मऊभात, मेतकूट, तूप. बाबा त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणायचे. हल्ली मला उशीर होणार असला की स्वतःच भात मऊ शिजवून ठेवतात.

नागपूर

आमच्याकडे उन्हाळाच आमचा फ्रीझर. मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही अशा उन्हात मुगवड्या घालायच्या. मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, मीठ. प्लास्टिकवर बोटांनी छोट्या छोट्या वड्या सोडायच्या. तीन दिवसांत खडखडीत वाळतात, डब्यात टाकल्या की खडे पडल्यासारखा आवाज यायला हवा. तसा आला नाही तर अजून एक ऊन द्या. मी एका वर्षी घाई केली आणि जुलैत अर्ध्या डब्याला बुरशी लागली. चार किलोच्या वड्या होत्या, आठवलं की अजून जीव जळतो.

करायला सोपं. तेलात वड्या लाल परतून बाजूला काढायच्या, त्याच तेलात कांदा-टमाटर-तिखट, पाणी घालून उकळी आली की वड्या सोडायच्या. दहा-बारा मिनिटांत मऊ होतात. पावसाळ्यात भाज्या महाग झाल्या की आठवड्यातून दोनदा ठरलेली. ज्या दिवशी वड्याही काढायचा कंटाळा, त्या दिवशी बेसन. तुम्ही पिठलं म्हणता ते.

म्हापसा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी हा आमच्या घरातला जुनाच विषय. तिला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. शुक्रवारच्या बाजारातून सुकी सुंगटां (म्हणजे कोळंबी) आणायची, निवडायची, डोकी-शेपट्या काढायच्या, कोरड्या तव्यावर भाजून गार करून बरणीत. ऐन वेळी कांदा, ओलं खोबरं, तिखट, थोडा चिंचेचा कोळ घालून हातानेच कालवायचं. किसमूर तयार, गॅससुद्धा लागत नाही. सोबत पेज.

मुंबईला भाड्याच्या घरात राहत असताना एकदा रविवारी दारं-खिडक्या लावून सुंगटां भाजली. संध्याकाळी सोसायटीच्या सूचनाफलकावर नवी सूचना लागली होती. नाव नव्हतं, पण मजला लिहिला होता.

नाशिक

अन्नतंत्रज्ञान शिकले आहे म्हणून मध्येच थोडं कंटाळवाणं लिहिते. पहिल्या ताईंचा 'कालचा भात' वाचून राहवलं नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन् तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणून फोडणीच्या भातासाठी ठेवायचा असेल तर ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

आणि लसणाची पेस्ट हिरवी पडली तर टाकू नका. ती लसणातल्या गंधकयुक्त घटकांची करामत आहे, बुरशी नव्हे. वास बिघडला असेल तर मात्र टाकाच.

म्युनिक

इथे जानेवारीत बाल्कनी हाच दुसरा फ्रिज. इडलीचं पीठ मात्र फुगत नाही. ओव्हन न पेटवता नुसता आतला दिवा लावून ठेवला की रात्रभरात भांड्याच्या काठाशी येतं. (एकदा नवऱ्याने आत न बघता पिझ्झासाठी ओव्हन तापवला. तो किस्सा नंतर कधीतरी.)

आईने दिलेली भाजणी येताना बॅगेत फुटली. ऑफिसच्या काळ्या कोटाला आठवडाभर धन्या-जिऱ्याचा वास होता. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईंनी विचारलं, कोणतं अत्तर लावतेस?

ठाणे

सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. काल रविवार होता. भाज्या केल्याच नाहीत. अर्धा किलो लसूण कोमट पाण्यात घालून बाप-लेकांसमोर ठेवला. क्रिकेट बघता बघता दोघांनी सोलला, साली सोफ्याच्या फटीतून अजून निघतायत. वाटणाचा एक ट्रे झाला (वेगळा, लाल दोरा नाही, पण कायमच्या शाईने खूण केलीय), दाण्याचं कूट झालं, मटकी भिजत घातली. साडेअकराला ओटा मोकळा आणि दुपारी मी चक्क झोपले.

नागपूरच्या ताई, मुगवड्या करून बघायच्यात. आमच्याकडे गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. खिडकीच्या ग्रिलवर ताटात ठेवल्या तर वाळतील का?

नागपूर

वाळतील, पण मे महिन्याची वाट बघा आणि वरून मलमलचं फडकं बांधा. कबुतरं येतात का तुमच्याकडे?

ठाणे

येतात म्हणजे? ग्रिल त्यांचंच आहे.